बेडसोअर : काय कळले, काय उरले

अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या माकडहाडाशी, खुब्यावर किंवा टाचेवर जी जखम होते, तिला आपल्याकडे डॉक्टरांपासून आयाबाईंपर्यंत सगळेच बेडसोअर म्हणतात. पक्षाघात, खुब्याचे फ्रॅक्चर, मणक्याची दुखापत, पार्किन्सन, स्मृतिभ्रंश, आयसीयूमधला लांबलेला मुक्काम, यांपैकी कारण कोणतेही असो. माणसाचे हलणे थांबले की या जखमेचा धोका सुरू होतो. ती खोल गेली तर महिनोन् महिने भरत नाही. हाडापर्यंत पोचली तर संसर्ग हाडात आणि तिथून रक्तात जाऊ शकतो. ‘सुपरमॅन’च्या भूमिकेमुळे जगभर ओळखले जाणारे अभिनेते क्रिस्टोफर रीव्ह १९९५ मध्ये घोड्यावरून पडले आणि त्यांचे मानेखालचे शरीर लुळे पडले. पुढची नऊ वर्षे त्यांना उत्तम शुश्रूषा मिळत होती. तरीही २००४ च्या ऑक्टोबरमध्ये त्यांचा मृत्यू झाला तेव्हा त्यांच्यावर अशाच एका जखमेच्या संसर्गासाठी उपचार चालू होते.

ही जखम टाळता येते, असे नर्सिंगच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात लिहिलेले असते. मग ती इतक्या घरांत, इतक्या वॉर्डांत का होते? ती नेमकी कशामुळे होते, कोणाला होणार हे आधी ओळखता येते का, कूस किती वेळाने बदलावी, महागड्या गादीचा उपयोग किती, आणि झालेली प्रत्येक जखम हलगर्जीपणाचीच खूण मानायची का, या प्रश्नांवर गेली साठ-सत्तर वर्षे संशोधन आणि वाद चालू आहेत. त्यांतले काय पक्के झाले आणि काय अजून अधांतरी आहे, हे इथे क्रमाने पाहायचे आहे.

आजाराचा दोष की शुश्रूषेचा?

सोळाव्या शतकातला फ्रेंच शल्यचिकित्सक आंब्रुआझ पारे याने एका जखमी सरदाराची हकिगत लिहून ठेवली आहे. मांडीत गोळी लागून दीर्घकाळ पडून राहिलेल्या या माणसाच्या ढुंगणावर जखम झाली होती. पारेने त्याला स्वच्छ अंथरूण दिले, नीट खाऊपिऊ घातले आणि तो भाग अधांतरी राहील अशी छोटी मऊ उशी करून घेतली. दाब काढा, स्वच्छता ठेवा, पोषण द्या, ही आजही सांगितली जाणारी तिन्ही सूत्रे त्या उपचारांत आहेत.

एकोणिसाव्या शतकात मात्र या विषयाला वेगळे वळण लागले. पॅरिसमधले विख्यात मज्जाविकारतज्ज्ञ जाँ-मार्तां शार्को यांनी पाहिले, की पक्षाघाताच्या किंवा मज्जारज्जूच्या काही रुग्णांना अवघ्या काही दिवसांत मोठी जखम होते आणि त्यानंतर ते फार जगत नाहीत. त्यांनी निष्कर्ष काढला, की मज्जासंस्थेला इजा झाल्यामुळे कातडीचे पोषणच तुटते. जखम आजाराचाच भाग असेल तर ती टाळण्याचा प्रश्न उरत नाही. शार्कोंच्याच काळातले शरीरशास्त्रज्ञ ब्राउन-सेकार यांचा अनुभव याच्या उलट होता. मज्जारज्जू कापलेल्या गिनीपिगांना दाब आणि ओल यांपासून जपले, तर त्यांना जखमा होत नाहीत असे त्यांना आढळले होते. १८५९ मध्ये फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी शुश्रूषेवरच्या आपल्या पुस्तकात याही पुढे जाऊन, अशा जखमेचा दोष बहुतेकदा आजाराकडे नसून शुश्रूषेकडे असतो, अशी भूमिका घेतली.

या वादाचा निकाल बऱ्याच अंशी एका वॉर्डाने लावला. १९४४ मध्ये इंग्लंडमधल्या स्टोक मँडेव्हिल रुग्णालयात लुडविग गुटमन यांनी मणक्याला मार लागलेल्या सैनिकांसाठी विभाग सुरू केला. तोवर असे बहुतेक रुग्ण लघवीच्या मार्गाचा संसर्ग आणि बेडसोअर यांनी दगावत. गुटमन यांनी रात्रंदिवस दर दोन तासांनी प्रत्येक रुग्णाची कूस बदलण्याचा दंडक घातला आणि तो पाळला जातो की नाही हे स्वतः जातीने पाहिले. त्यांचे रुग्ण जगू लागले, कामाला लागले, खेळू लागले. पॅरालिम्पिक स्पर्धांचा उगमही याच वॉर्डातला. तुटलेली मज्जा पूर्ववत झाली नव्हती, तरी जखमा टळत होत्या. म्हणजे शार्कोंचा निराशेचा सिद्धान्त जसाच्या तसा टिकणार नव्हता.

‘दोन तास’ हा आकडा तेव्हापासून रूढ झाला. तो तुलनात्मक प्रयोगातून आलेला नव्हता. एका निष्ठेने चालवलेल्या वॉर्डाचा तो अनुभव होता. पुढचे बरेच वाद या फरकातून निघाले.

कातडीखाली काय घडते

सर्वांत जुने आणि सोपे स्पष्टीकरण रक्तपुरवठ्याचे आहे. हाड आणि गादी यांच्यामध्ये मांस चेपले जाते, केशवाहिन्या मिटतात, प्राणवायू पोचत नाही आणि पेशी मरतात. १९३० मध्ये यूजीन लँडिस यांनी निरोगी माणसाच्या नखाच्या मुळाशी असलेल्या केशवाहिन्यांतला दाब मोजला. रोहिणीच्या बाजूला तो सरासरी ३२ मिलिमीटर पाऱ्याइतका भरला. याहून जास्त दाब धोक्याचा, असा नियम त्यावरून पुढे बनून गेला आणि गाद्यांच्या जाहिरातींतही झळकू लागला. बोटाच्या टोकाला मोजलेला आकडा ढुंगणाच्या जाड मांसाला लावणे बरोबर नाही, हे आता सर्वमान्य आहे. १९५९ मध्ये मायकेल कोसियाक यांनी कुत्र्यांवर केलेल्या प्रयोगांतून अधिक उपयोगी गोष्ट हाती आली. दाब आणि वेळ यांचे नाते व्यस्त आहे : जबर दाब थोड्या वेळात जी हानी करतो, तीच हानी कमी दाब जास्त वेळ राहिला तर करतो.

दुसरी विचारधारा पेशींच्या ताणाकडे पाहते. नेदरलँड्समधल्या आइंडहोव्हन आणि इस्राएलमधल्या तेल अवीव इथल्या जैवयांत्रिकी संशोधकांनी गेल्या दोन-तीन दशकांत दाखवले, की हाडाजवळचे स्नायू वेडेवाकडे ताणले गेले तर रक्त थांबण्याची वाट न पाहता पेशी थेट फाटू लागतात. रक्तपुरवठा तुटून हानी व्हायला काही तास लागतात. तीव्र ताणाने ती त्याहून लवकर सुरू होऊ शकते. दोन्ही प्रक्रिया बहुधा एकत्रच चालतात आणि त्यांतला कोणाचा वाटा किती, हा वाद पूर्ण मिटलेला नाही.

व्यवहारात यातून तीन गोष्टी निघतात. पहिली, नुसत्या दाबाइतकाच कातरताण घातक असतो. रुग्णाला जेवण्यासाठी पलंगाचे डोके उंच करून बसवले की तो हळूहळू पायथ्याकडे घसरतो. कातडी चादरीला धरून राहते, आतले हाड मात्र खाली सरकते आणि मधल्या रक्तवाहिन्या पिळल्या जातात. मग घरातले दोघे जण काखेत हात घालून त्याला वर ओढतात आणि माकडहाडावरची कातडी चादरीवर घासते. त्याऐवजी कमरेखाली आडवी दुमडलेली चादर घालून, तिची टोके दोन्ही बाजूंनी धरून त्याला उचलून सरकवले तर हे टळते. दुसरी गोष्ट, जखम पुष्कळदा आतून बाहेर येते. स्नायू कातडीपेक्षा नाजूक असल्याने हाडालगतचे मांस आधी मरते आणि वरची कातडी काही दिवस शाबूत दिसते. उंदराच्या बिळासारखे असते हे. तोंड लहान, आत पोकळी मोठी. ‘काल तर काही नव्हते’ असे नातेवाईक म्हणतात तेव्हा ते बहुधा खरेच सांगत असतात. तिसरी गोष्ट, जखम फक्त पलंगावर होते असे नाही. ऑक्सिजनच्या नळीने कानामागे, बायपॅपच्या मास्कने नाकाच्या दांड्यावर, मांडीखाली अडकलेल्या कॅथेटरने, चाकाच्या खुर्चीत बसून बैठकीच्या हाडांवर, अशी ती कुठेही होते. कोविडच्या काळात पालथे झोपवलेल्या रुग्णांच्या गालांवर आणि हनुवटीवर झालेल्या जखमांनी हे पुन्हा दाखवून दिले.

धोका ओळखणे : गुण आणि नजर

१९६१ साली लंडनमध्ये एक्स्टन-स्मिथ आणि शेरविन यांनी एक साधा प्रयोग केला. पन्नास वृद्ध रुग्ण रात्री झोपेत किती वेळा हालचाल करतात, हे त्यांनी पलंगाला यंत्र जोडून मोजले. रात्रीत पन्नासहून जास्त वेळा हलणाऱ्यांपैकी एकालाही जखम झाली नाही. वीस किंवा त्याहून कमी वेळा हलणाऱ्या दहा जणांपैकी नऊ जणांना झाली. निरोगी माणूस गाढ झोपेतही कूस बदलतो, पाय ओढून घेतो, अंग सैल करतो, ते शरीराचे स्वतःचेच संरक्षण असते. या क्षेत्रातला प्रत्येक उपाय शेवटी याच हरवलेल्या हालचालीची भरपाई करू पाहतो आणि तो किती करतो यावरच त्याची किंमत ठरते.

पुढच्याच वर्षी डोरीन नॉर्टन या परिचारिकेने आणि तिच्या सहकाऱ्यांनी धोका मोजण्याची पहिली गुणपद्धत मांडली. १९८५ मध्ये वॉटरलो आणि १९८७ मध्ये ब्रेडन या पद्धती आल्या. आपल्या मोठ्या रुग्णालयांत ब्रेडनचा तक्ता रुग्णाच्या फाइलला लावलेला दिसतो. संवेदना, ओल, चालणे-फिरणे, अंथरुणातली हालचाल, आहार आणि घर्षण या सहा बाबींना मिळून ६ ते २३ गुण देतात. साधारण १८ किंवा त्याहून कमी भरले तर धोका आहे असे धरतात.

अशा तक्त्यांच्या बाजूने असलेले म्हणतात, की नव्या परिचारिकेला काय पाहायचे ते कळते, नोंद राहते आणि पुढच्या पाळीला माहिती मिळते. शंका घेणाऱ्यांचा मुद्दा असा, की तक्ता भरल्याने जखमा कमी होतात हे चाचण्यांत सिद्ध झालेले नाही आणि वैद्यकीय पुराव्यांचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेनेही तेच नोंदवले आहे. तक्ता हा नजरेला पूरक आहे, तिची जागा तो घेऊ शकत नाही, यावर आज दोन्ही बाजूंचे बऱ्यापैकी एकमत दिसते.

या नजरेचा एक कच्चा दुवा आपल्याला थेट लागू होतो. जखमेच्या खोलीनुसार पायऱ्या पाडतात आणि पहिल्या पायरीची खूण म्हणून सगळीकडे लालसर चट्टा सांगतात : बोटाने दाबून सोडल्यावर तो पांढरा पडला नाही, तर आत हानी सुरू झाली आहे असे समजायचे. गोऱ्या कातडीवर हे चटकन कळते. सावळ्या किंवा काळ्या कातडीवर लाली दिसतच नाही; फार तर तो भाग जांभळट किंवा आजूबाजूपेक्षा गडद वाटतो. अमेरिकेतल्या अभ्यासांत कृष्णवर्णीय रुग्णांच्या जखमा उशिरा, पुढच्या पायरीवर गेल्यावर लक्षात येतात असे आढळले आहे. म्हणून अशा कातडीसाठी डोळ्यांबरोबर हात वापरावा लागतो. स्पंजिंग करताना माकडहाड, दोन्ही खुबे आणि टाचांवर हाताची मागची बाजू टेकवून पाहायची. तो भाग शेजारच्यापेक्षा गरम किंवा गार आहे का, घट्ट झालाय की पिलपिलीत, रुग्णाला तिथे दुखते का, हे तपासायचे. कातडीखालचा ओलावा मोजून आतल्या हानीची सूज आधीच टिपणारी यंत्रे आता आली आहेत. त्यांच्या सरसकट वापरासाठी पुरेसा पुरावा नाही, असा निर्वाळा ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने २०२० मध्ये दिला.

कूस किती वेळाने बदलायची?

कूस बदलण्याची गरज कोणीही नाकारत नाही. वाद आहे तो अंतराबद्दल.

बेल्जियममध्ये टॉम डेफ्लोर यांनी २००५ मध्ये दाखवले, की दाब पसरवणाऱ्या फोमच्या गादीवर दर चार तासांनी वळवलेल्या वृद्धांना साध्या गादीवर दर दोन तासांनी वळवलेल्यांपेक्षा कमी जखमा होतात. २०१३ मध्ये अमेरिका आणि कॅनडातल्या वृद्धाश्रमांत ‘टर्न’ नावाची मोठी चाचणी झाली. दाट फोमच्या गादीवरच्या ९४२ वृद्धांना दोन, तीन किंवा चार तासांच्या अंतराने वळवले. तिन्ही गटांत फरक पडला नाही आणि एकूण जखमाही दोन टक्क्यांच्या आसपासच राहिल्या. त्याआधी आयर्लंडमध्ये रात्री दर तीन तासांनी ३० अंशांच्या कलात वळवलेल्या वृद्धांत ३ टक्क्यांना, तर नेहमीची काळजी मिळालेल्यांत ११ टक्क्यांना जखमा झाल्या होत्या.

यावरून एका बाजूचे म्हणणे असे, की दोन तासांचा सरसकट नियम आता सोडावा. त्याने रुग्णाची झोप मोडते, वळवणाऱ्याची कंबर मोडते आणि त्या कष्टांच्या प्रमाणात फायदा दिसत नाही. अंतर प्रत्येक रुग्णाची कातडी पाहून ठरवावे. दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे, की या चाचण्यांतल्या सगळ्यांना चांगली गादी मिळाली होती, प्रशिक्षित कर्मचारी त्यांची नोंद ठेवत होते आणि ‘टर्न’मध्ये आधीच जखम असलेल्यांना घेतलेले नव्हते. कापसाच्या गादीवर पडलेल्या, संवेदना गेलेल्या, कृश रुग्णाला तोच निष्कर्ष लावणे धोक्याचे आहे. आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी २०१९ मध्ये पहिल्या बाजूकडे झुकत, अंतर रुग्णागणिक ठरवा असे सांगितले. मात्र कातडी तपासत राहण्याची अट काढली नाही. वळवल्यानंतर पुढच्या खेपेपर्यंत दाबाची खूण विरली नाही, तर अंतर कमी करायचे. हा निकष घड्याळापेक्षा अवघड आहे, पण जास्त खरा आहे.

वळवण्याच्या पद्धतीबद्दल मात्र फारसे दुमत नाही. पूर्ण ९० अंश कुशीवर झोपवले तर सगळा भार खुब्याच्या हाडावर येतो. म्हणून पाठीमागे उशी देऊन साधारण ३० अंशांचा कल ठेवतात, गुडघ्यांच्या मध्ये उशी घालतात आणि पोटऱ्यांखाली आधार देऊन टाचा गादीपासून पूर्ण सुटलेल्या ठेवतात. पलंगाचे डोके शक्यतो ३० अंशांच्या वर नेत नाहीत. इथे एक खरा पेच आहे : नळीने अन्न दिले जाणाऱ्या किंवा व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाचे डोके ३० ते ४५ अंश उंच हवे असते, नाहीतर अन्न फुप्फुसात जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो. फुप्फुस जपायचे की माकडहाड, याचे एका ओळीत बसेल असे उत्तर अजून मिळालेले नाही.

गादीचा प्रश्न

घरी रुग्ण आला की पहिली खरेदी एअर बेडची होते. पंपाला जोडलेले, आळीपाळीने फुगणारे-बसणारे कप्पे दाबाची जागा सतत बदलत राहतात, म्हणजे हरवलेली हालचाल गादीच करते, ही त्यामागची कल्पना. कल्पना सयुक्तिक आहे. पुरावा मात्र मर्यादित आहे. ब्रिटनमधल्या ‘प्रेशर टू’ या चाचणीत दोन हजारांहून जास्त रुग्णांना अशी गादी किंवा उत्तम प्रतीची फोमची गादी दिली. दुसऱ्या पायरीच्या किंवा त्याहून खोल जखमा पहिल्या गटात ६.९ टक्के आणि दुसऱ्या गटात ८.९ टक्के रुग्णांना झाल्या. मुख्य निकषावर हा फरक संख्याशास्त्रीयदृष्ट्या ठाम ठरला नाही. साध्या गादीपेक्षा दोन्ही प्रकार चांगले, एवढे पक्के आहे. त्या दोघांत श्रेष्ठ कोण, हे तितके पक्के नाही.

गादीपेक्षाही तिच्या वापरात चुका जास्त होतात. एअर बेड आहे म्हणून कूस बदलणे थांबते. वर रबर शीट, त्यावर घडी घातलेली गोधडी आणि त्यावर चादर असे थर चढतात, मग हवेचे कप्पे असूनही नसल्यासारखे. पंपावरचे वजनाचे बटण कोणी लावून पाहत नाही. तपासण्याची पद्धत अगदी सोपी आहे. रुग्णाच्या कमरेखाली, एअर बेडच्या खालून तळहात घालायचा. वरचे हाड हाताला लागले, किंवा मध्ये जेमतेम इंचभर हवा उरली असेल, तर रुग्ण गादीवर नव्हे, पलंगावरच झोपलेला आहे. जास्त भरलेला वॉटर बेडही टणक होतो, आणि वीज गेली की पंप थांबतो, हेही लक्षात ठेवावे लागते.

भोक असलेली हवेची रिंग आणि पाणी भरलेले ग्लोव्ह टाचेखाली ठेवणे, हे आपल्याकडचे दोन जुने उपाय आता मार्गदर्शक तत्त्वांनी बाद केले आहेत. रिंगच्या कडेवर दाब एकवटतो आणि मधला भाग सुजतो. याउलट, माकडहाडावर आणि टाचांवर आधीपासूनच थरांचे सिलिकॉन फोम ड्रेसिंग लावण्याचा उपाय पुढे आला आहे. मेलबर्नमधल्या एका चाचणीत आयसीयूतल्या रुग्णांमध्ये त्याने जखमा १३.१ टक्क्यांवरून ३.१ टक्क्यांवर आल्या. पण किंमत आणि घरच्या रुग्णांसाठीची उपयुक्तता हे दोन प्रश्न शिल्लक आहेत.

ओल, आहार आणि घरचे उपाय

लघवी-संडासाने भिजलेली कातडी फुगते, मऊ पडते आणि घासली की सोलवटते. डायपरमुळे होणारा हा दाह आणि दाबाने झालेली जखम सुरुवातीला सारखीच दिसतात, पण त्यांचे उपचार वेगळे आहेत. दाह पसरट, वरवरचा आणि घडीच्या जागी असतो. दाबाची जखम हाडाच्या उंचवट्यावर आणि कडा स्पष्ट असलेली असते. प्रत्यक्षात दोन्ही एकाच जागी असू शकतात आणि अनुभवी डोळ्यांचेही त्यावर एकमत होत नाही. मुंबई-कोकणच्या दमट हवेत घामाची भर पडते. बाकी नियम ठरलेला आहे : लवकर बदला, सौम्यपणे पुसा, टिपून कोरडे करा, आणि ओलीपासून वाचवणारे मलम लावा.

पाठीला स्पिरिट चोळून पावडर लावण्याची पद्धत एकेकाळी नर्सिंगमध्ये शिकवली जात होती आणि घराघरांत ती अजून चालते. स्पिरिटने कातडी कोरडी पडते, पावडरीचे ओलाव्याने गोळे होतात, आणि लाल झालेल्या जागी जोरात चोळल्याने आतल्या, आधीच दुखावलेल्या रक्तवाहिन्या तुटतात. कोरड्या कातडीला हलक्या हाताने तेल किंवा क्रीम लावायला हरकत नाही. हाडाच्या उंचवट्यावर मालिश करू नये. उघड्या जखमेत हायड्रोजन पेरॉक्साइड ओतण्याची सवयही आता नको म्हणतात, कारण त्याने जंतूंबरोबर नव्या पेशीही मरतात. हळद, मध यांवर लोकांचा विश्वास आहे. निर्जंतुक केलेल्या वैद्यकीय मधाचा काही जखमांत अभ्यास झाला आहे, पण बेडसोअरमध्ये त्याचा फायदा पक्का सिद्ध झालेला नाही, आणि स्वयंपाकघरातली बाटली म्हणजे तो मध नव्हे.

आहाराबाबत पुरावा त्यामानाने चांगला आहे. कुपोषित किंवा कुपोषणाचा धोका असलेल्या रुग्णाला दर किलो वजनामागे रोज ३० ते ३५ कॅलरी आणि १.२५ ते १.५ ग्रॅम प्रथिने लागतात असे सांगितले जाते. मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रमाण डॉक्टरांनी ठरवायचे. पन्नास किलोच्या आजीला म्हणजे दिवसाला साठ-सत्तर ग्रॅम प्रथिने हवीत. पेज, मऊ भात आणि चहा-बिस्किटांवर ती भरत नाहीत. २०१५ मध्ये इटलीत झालेल्या चाचणीत आर्जिनिन, जस्त आणि अँटिऑक्सिडंट असलेल्या पूरक आहाराने कुपोषितांच्या जखमा जास्त लवकर भरल्या. पण चांगल्या आहाराने जखम होण्याचेच टळते का, हे अजून तितक्या ठामपणे दाखवता आलेले नाही.

प्रत्येक जखम टाळता येते का?

नाइटिंगेल यांच्या भूमिकेचे आजचे रूप अमेरिकेच्या मेडिकेअर या सरकारी आरोग्य विम्याच्या धोरणात दिसते. ऑक्टोबर २००८ पासून रुग्णालयात झालेल्या तिसऱ्या-चौथ्या पायरीच्या जखमांसाठी तिथे वाढीव पैसे मिळणे बंद झाले. त्यामागचा विचार असा, की टाळता येणाऱ्या हानीची किंमत ज्याच्या देखरेखीखाली ती झाली त्याने सोसावी. याने रुग्णालये जागी झाली, दाखल करतानाच कातडी तपासून नोंदवू लागली. टीकाकार म्हणतात, की त्याबरोबर नोंदींची कला वाढली आणि परिचारिकांवर दोषाचे ओझे आले.

दुसरी भूमिका असे सांगते, की काही जखमा सर्व काही नीट करूनही होतात. रक्तदाब इतका खालावलेला असतो की रुग्णाला वळवताच येत नाही. किंवा मृत्यू जवळ आल्यावर इतर अवयवांप्रमाणे कातडीही निकामी होऊ लागते. अखेरच्या दिवसांत अचानक उमटणाऱ्या अशा जखमेचे वर्णन केनेडी या परिचारिकेने १९८९ मध्ये केले. अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी ‘अटळ’ जखमेची व्याख्या मान्य केली. ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेने मात्र २०१८ मध्ये ‘टाळण्याजोगी’ आणि ‘अटळ’ अशी विभागणीच नोंदींतून काढून टाकायला सांगितले. वर्गवारीच्या भांडणापेक्षा प्रत्येक जखमेपासून शिकणे महत्त्वाचे, हा त्यामागचा विचार. कातडी निकामी होण्याचा निकष रक्ताच्या तपासणीने ठरत नाही, जखम झाल्यावरच तो लावला जातो, त्यामुळे हा वाद लवकर सुटेल असे दिसत नाही.

अखेरच्या अवस्थेत उद्दिष्टही बदलते. वळवताना प्रत्येक वेळी वेदना होत असतील, तर दर दोन-तीन तासांनी ते करायचे का? उपशामक शुश्रूषेतले बहुतेक जण आरामाला प्राधान्य देतात आणि हा निर्णय रुग्ण व कुटुंब यांच्याशी बोलून घ्यावा असे सांगतात.

आपल्याकडे

वर सांगितलेला बहुतेक पुरावा रुग्णालये आणि वृद्धाश्रम यांतला आहे. आपल्याकडे अंथरुणाला खिळलेला माणूस बहुधा घरी असतो आणि त्याला सून, बायको, मुलगी किंवा ब्यूरोकडून आलेली मावशी सांभाळत असते. एनएबीएच या गुणवत्तेच्या मानांकनासाठी रुग्णालयांना दाखल झाल्यानंतर झालेल्या बेडसोअरची नोंद ठेवावी लागते, हे चांगलेच झाले. पण डिस्चार्जनंतर घरी झालेली जखम त्या नोंदीत येत नाही. मणक्याच्या दुखापतीचे रुग्ण हा वेगळा गट आहे. रस्त्यावरचे अपघात, झाडावरून किंवा इमारतीवरून पडणे यामुळे त्यांत तरुण पुष्कळ असतात आणि पुढची कित्येक दशके त्यांना खुर्चीत काढायची असतात. मुंबईत हाजी अलीची पुनर्वसन संस्था आणि पुण्यात खडकीचे सैनिकांचे पॅराप्लेजिक केंद्र यांसारख्या ठिकाणी त्यांना जे शिकवतात ते साधे आहे : दर पंधरा ते तीस मिनिटांनी पुढे किंवा बाजूला झुकून बैठकीवरचा भार काढायचा आणि रोज आरशात स्वतःची कातडी पाहायची. हे शिकवणाऱ्या जागा मोजक्या आहेत.

उरलेले प्रश्न

सहा दशकांच्या कामातून काही गोष्टी नक्की झाल्या आहेत. दाब, कातरताण आणि वेळ यांचे गणित कळले आहे. साधी गादी, चोळणे, रिंग हे उपाय बाद झाले आहेत. नियमित वळवणे, टाचा उचलून ठेवणे, कोरडी कातडी, पुरेशी प्रथिने आणि रोजची तपासणी यांबद्दल मोठा वाद नाही.

उरले आहे ते असे. घरच्या गादीवर, घरच्या माणसाने, रात्रीची झोप सांभाळून किती अंतराने वळवले तर पुरते, याची चाचणी आपल्या घरांत व्हायला हवी. परक्या वृद्धाश्रमातला आकडा उसना घेऊन भागणार नाही. सावळ्या कातडीवरची पहिली खूण ओळखण्याचे स्वस्त साधन हवे. एअर बेड भाड्याने घेण्याआधी तोच पैसा रात्रपाळीच्या मदतीवर खर्च केला तर जास्त फायदा होतो का, याचे उत्तर हवे. आणि डिस्चार्जच्या दिवशी औषधांच्या यादीबरोबर अर्धा तास कूस बदलून दाखवण्यासाठी, कातडी हाताने तपासायला शिकवण्यासाठी राखून ठेवला, तर जखमा किती कमी होतात, हेही मोजून पाहायला हवे. यंत्रे आणि ड्रेसिंग सुधारत राहतील. पण आजवरचा पुरावा एकाच दिशेने बोट दाखवतो : रुग्णाची हरवलेली हालचाल पूर्णपणे भरून काढणारे साधन अजून बनलेले नाही, ते काम माणसांनाच करावे लागते. म्हणून पुढच्या संशोधनात आणि खर्चात त्या माणसांची संख्या, त्यांचे शिक्षण आणि त्यांची विश्रांती यांना पहिली जागा मिळायला हवी.